एंडपॉइंट पडला तर किती थांबायचं? टाइमआउटचे डिफॉल्ट आकडे ठरवण्याची रीत

चार एंडपॉइंट (रिक्वेस्टला उत्तर देणारे सर्व्हर), त्यांच्यापुढे आमची सर्व्हिस, तिच्यात २०० थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक रिक्वेस्ट हाताळणारे कामगार. सेकंदाला ४० रिक्वेस्ट, चौघांत सारख्या वाटलेल्या. एके दिवशी त्यातला एक एंडपॉइंट लटकला. पडला नाही, लटकला. कनेक्शन घ्यायचा, उत्तर द्यायचा नाही. आमचा टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची कमाल मर्यादा, ६० सेकंदांचा होता, कारण तो तसाच आला होता आणि कुणी त्याला हात लावला नव्हता. सेकंदाला १० रिक्वेस्ट त्या खड्ड्यात जात होत्या आणि प्रत्येक रिक्वेस्ट एक थ्रेड अडवून बसत होती. विसाव्या सेकंदाच्या आसपास थ्रेड संपले. बाकीचे तीन एंडपॉइंट ठणठणीत होते, पण त्यांच्याकडे रिक्वेस्ट न्यायला कुणी मोकळंच नव्हतं.

टाइमआउट २ सेकंदांचा असता तर एका वेळी जेमतेम २० थ्रेड अडकले असते आणि आम्हाला कदाचित कळलंही नसतं. हिशेब साधा आहे: सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले थांबण्याचा वेळ, म्हणजे अडकलेले थ्रेड. रांगांच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात.

त्या दिवसानंतर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. टाइमआउट म्हणून आपण एक आकडा मागतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले असतात. किती थांबायचं? किती वेळा फसल्यावर एंडपॉइंटला बाजूला काढायचं? आणि बाजूला काढलेल्याला परत कधी आत घ्यायचं? पहिल्यावर सगळे बोलतात, दुसऱ्यावर थोडे. तिसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात लांबलेले घोळ तिथेच झालेत. या लेखात तिन्ही आकडे क्रमाने ठरवू.

पायरी १: आधी तुमच्याकडे आत्ता काय आहे ते बघा

नवा आकडा टाकण्याआधी जुना शोधा. तो बहुतेक वेळा कॉन्फिगमध्ये नसतो, लायब्ररीच्या पोटात असतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तुम्ही टाइमआउट दिला नाही तर ती कितीही वेळ थांबते. गो भाषेच्या साध्या एचटीटीपी क्लायंटची एकूण मर्यादा शून्य असते, म्हणजे मर्यादाच नसते. जावास्क्रिप्टच्या ॲक्सिऑसचंही तेच. सर्व्हिसना एकमेकींशी जोडणाऱ्या जीआरपीसीमध्ये डेडलाइन तुम्ही लावली तरच असते. कमांड लाइनवरचा कर्ल कनेक्शनसाठी ३०० सेकंद थांबतो आणि पूर्ण कामासाठी त्याला मर्यादा नाही. जावाची ओकेएचटीटीपी लायब्ररी त्यातल्या त्यात शहाणी आहे: कनेक्ट, वाचन, लेखन प्रत्येकी १० सेकंद. एनजिनएक्स प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे पोचवणारा मध्यस्थ) म्हणून वापरत असाल तर कनेक्ट आणि वाचन दोन्हीला ६० सेकंद. एन्व्हॉय या दुसऱ्या प्रॉक्सीत रूटचा, म्हणजे एकेका मार्गाचा, टाइमआउट १५ सेकंद. हेप्रॉक्सी या तिसऱ्या प्रॉक्सीत तुम्ही काही लिहिलं नाही तर तो सुरू होताना कुरकुर करतो आणि मग अमर्याद थांबतो.

हे आकडे ज्यांनी ठरवले त्यांना तुमचं काम माहीत नव्हतं. कुणाचंही चालतं काम मोडू नये म्हणून ते मोठे ठेवले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण तुमचेही नाहीत.

यादी करताना एककही लिहा. एनजिनएक्समध्ये नुसता ३० म्हणजे सेकंद, हेप्रॉक्सीत नुसता ३० म्हणजे मिलिसेकंद. रिक्वेस्ट्समध्ये सेकंद, ॲक्सिऑसमध्ये मिलिसेकंद. माझ्या हातून एकदा पाच हजार सेकंदांचा टाइमआउट प्रॉडक्शनला गेला होता आणि कित्येक आठवडे सगळं सुरळीत चाललं, कारण तोवर काही लटकलंच नव्हतं. तेव्हापासून सेटिंगच्या नावातच एकक लिहितो.

पायरी २: एंडपॉइंट कसा मरतो ते ओळखा

“सर्व्हर डाऊन आहे” या तीन शब्दांत निदान चार वेगळे आजार असतात आणि प्रत्येकाला वेगळं घड्याळ पकडतं.

प्रोसेस बंद आहे पण मशीन चालू आहे, अशा वेळी नकार ताबडतोब येतो. इथे टाइमआउटची गरजच पडत नाही. मशीनच गेलं, किंवा मधल्या फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिली, तर समोरून काहीच येत नाही. लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःहून हार मानायला दोन मिनिटांहून जास्त वेळ घेतं. याला कनेक्ट टाइमआउट हवा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. प्रोसेस जिवंत आहे पण गोठली आहे: कुठल्याशा लॉकवर अडकली, किंवा डेटाबेसची वाट बघते आहे. टीसीपीचं हस्तांदोलन, म्हणजे कनेक्शन जोडतानाची पहिली देवाणघेवाण, कर्नल करतं, ॲप्लिकेशन नव्हे. त्यामुळे रांग भरेपर्यंत कनेक्शन छान जुळत राहतं, आणि नुसता पोर्ट उघडा आहे का बघणारा हेल्थ चेक तुम्हाला सगळं हिरवं दाखवतो. वर सांगितलेला आमचा एंडपॉइंट याच जातीचा होता. त्याला फक्त उत्तराचा टाइमआउट पकडतो.

चौथा प्रकार म्हणजे झटपट चूक परत करणारा. काही मिलिसेकंदांत ५०० हा सर्व्हरच्या चुकीचा कोड फेकतो. टाइमआउटच्या दृष्टीने हा आदर्श विद्यार्थी. आणि सगळ्यात कमी कनेक्शन असलेल्याकडे पाठवा असा नियम तुमच्या लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्यावर) असेल, तर हा नेहमी मोकळाच दिसतो आणि जास्तीत जास्त रिक्वेस्ट ओढून घेतो. त्याला पाचव्या पायरीतली मोजणी हवी.

पायरी ३: कनेक्ट टाइमआउट

हा लहान ठेवता येतो, कारण कनेक्शन जोडायला समोरच्या ॲप्लिकेशनला काही विचार करायचा नसतो. प्रश्न एवढाच, की एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर त्याला दुसरी संधी द्यायची का.

पहिलं पॅकेट हरवलं तर कर्नल १ सेकंदाने ते पुन्हा पाठवतं. वर्षानुवर्षं लिनक्समध्ये हे प्रयत्न सुरुवातीपासून मोजून १, ३, ७ सेकंदांवर होत आले. अलीकडच्या कर्नलमध्ये पहिले काही प्रयत्न दर सेकंदाला होतात. आता बघा, कनेक्ट टाइमआउट बरोबर १ किंवा ३ सेकंद ठेवला तर काय होतं? पुनर्प्रयत्न निघतो त्याच क्षणी तुम्ही फोन ठेवून देता. म्हणून गोल आकडा टाळा. पॅकेट पोचून परत यायला थोडी जागा सोडा: एकाच डेटा सेंटरमध्ये असाल तर १.५ सेकंद, बाहेरच्या नेटवर्कवरून जात असाल तर ३.५. पूर्वी हा पहिला थांबा ३ सेकंदांचा असायचा, २०११ च्या आरएफसी ६२९८ या इंटरनेट मानकाने तो १ सेकंदावर आणला. जुन्या सल्ल्यांत ४ आणि ५ सेकंद दिसतात त्याचं मूळ तिथे आहे.

एकाच कामासाठी पाच-सहा एंडपॉइंट असतील तर १ सेकंदाच्या आतही जायला हरकत नाही, अगदी ३०० मिलिसेकंद. हरवलेल्या पॅकेटची वाट बघण्यापेक्षा शेजारच्याकडे जाणं स्वस्त पडतं.

दोन सापळे मात्र लक्षात ठेवा. डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा, वेळ बऱ्याच लायब्ररींमध्ये कनेक्ट टाइमआउटमध्ये धरलेला नसतो, आणि लिनक्सचा रिझॉल्व्हर डिफॉल्टने एका नेमसर्व्हरला ५ सेकंद देतो व दोनदा विचारतो. दुसरं, एका नावाचे अनेक पत्ते असतील तर कित्येक क्लायंट प्रत्येक पत्त्याला पूर्ण टाइमआउट देतात. तुमचे १.५ सेकंद कधी ६ झाले ते कळत नाही.

पायरी ४: उत्तराचा टाइमआउट

इथे अंदाज चालत नाही, मोजावं लागतं. सर्व्हिस व्यवस्थित चालू असताना, गर्दीच्या वेळी, यशस्वी रिक्वेस्टना किती वेळ लागतो ते काढा. सरासरी बघू नका, ती इथे निरुपयोगी आहे. ९९.९ वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे हजारातल्या ९९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात पूर्ण होतात तो आकडा. तो ८०० मिलिसेकंद असेल, तर टाइमआउट ८०० ठेवल्यावर हजारात एक निरोगी रिक्वेस्ट तुम्ही स्वतः मारणार. म्हणून मी साधारण दुप्पट घेतो आणि वर थोडं सोडतो: इथे २ सेकंद. दुप्पट हा काही शास्त्रातून आलेला आकडा नाही, सोयीचा आहे.

आधीपासून ५ सेकंदांचा टाइमआउट लावलेला असेल तर मोजमापात ५ च्या पुढचं काही दिसणारच नाही. ५ वर उभी भिंत दिसली तर समजा की ती तुमच्याच कॉन्फिगची आहे. काही काळ तो सैल करून पुन्हा मोजा.

आता महत्त्वाचा फरक. वाचनाचा टाइमआउट आणि एकूण टाइमआउट एक नाहीत. एनजिनएक्सचे ते ६० सेकंद पूर्ण उत्तरासाठी नसतात, लागोपाठच्या दोन वाचनांमधल्या शांततेसाठी असतात. दर ५० सेकंदांनी एक बाइट टिपकवणारा एंडपॉइंट ती मर्यादा कधीच ओलांडत नाही आणि दिवसभर तुमचं कनेक्शन धरून ठेवू शकतो. पायथनच्या रिक्वेस्ट्सचंही असंच आहे. एकूण मर्यादा वेगळी लावा, आणि लायब्ररी ती देत नसेल तर बाहेरून लावा.

रिपोर्ट तयार करणं, मोठी फाइल चढवणं अशा कामांना सगळ्यांच्या डिफॉल्टमध्ये कोंबू नका. एका संथ रिपोर्टसाठी अख्ख्या सर्व्हिसचा टाइमआउट १२० सेकंद केलेला मी इतक्या ठिकाणी पाहिलाय, की १२० दिसला की आधी रिपोर्टच शोधतो. त्या मार्गाला त्याचा वेगळा आकडा द्या.

नवीन सर्व्हिस आहे, मोजायला काही नाही? मग ५ सेकंद टाका, शेजारी “तात्पुरता” आणि तारीख लिहा, महिनाभराने मोजा.

हे आकडे एकमेकांत बसतात का तेही बघा. सगळ्यात बाहेरचा माणूस किंवा प्रोग्राम किती थांबणार, तिथून आत या. समजा तो १० सेकंद थांबतो. मधली सर्व्हिस दोन प्रयत्न करते, प्रत्येकी १.५ कनेक्ट आणि २ उत्तर, मध्ये अर्धा सेकंद विश्रांती: वाईटात वाईट ७.५. बसलं. तीन प्रयत्न केले तर ११.५, म्हणजे तिसरा प्रयत्न संपेपर्यंत तो माणूस निघून गेलेला असतो. साखळीत तीन थर आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करणारा असेल तर एका रिक्वेस्टच्या तळाशी २७ होतात, आणि त्या नेमक्या आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हरवर पडतात. पुन्हा प्रयत्न एकाच थराने करावा.

आणि टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. आपण उत्तर ऐकायला थांबलो नाही, एवढंच. पैसे वळते करणारी रिक्वेस्ट डोळे झाकून पुन्हा पाठवू नका. एनजिनएक्स १.९.१३ पासून पोस्टसारखी (डेटा बदलू शकणारी) रिक्वेस्ट एकदा पाठवून झाली असेल तर आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे नेत नाही, ते याच कारणाने.

पायरी ५: मेला असं कधी म्हणायचं

एनजिनएक्सचं डिफॉल्ट फार तापट आहे: १० सेकंदांत एक चूक, की सर्व्हर बाहेर. एन्व्हॉयमध्ये बाद करण्याची सोय चालू केली तर सलग पाच ५०० च्या घरातल्या चुका लागतात. हेप्रॉक्सी दर २ सेकंदांनी तपासतो आणि तीनदा फसल्यावर काढतो, कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस दर १० सेकंदांनी आणि तीनदा. म्हणजे एकाला सुमारे ६ सेकंदांत कळतं, दुसऱ्याला ३० च्या आसपास. हा गुणाकार कागदावर करा, कारण तेवढा वेळ तुमच्या रिक्वेस्ट त्या खड्ड्यात जाणार आहेत.

माझी सुरुवात सलग ५ चुकांपासून असते. पण सलग मोजणीत एक भोक आहे. पाचातली एक रिक्वेस्ट फसवणारा एंडपॉइंट सलग पाच वेळा फसण्याची शक्यता दहा हजारांत तीनच्या जवळ, म्हणजे तो बराच काळ मजेत राहतो. पुरेशी रहदारी असेल तर टक्केवारीही लावा: शेवटच्या १०० पैकी ५० फसल्या तर बाहेर. आणि किमान संख्या ठेवा, नाहीतर रात्री उशिरा आलेली एकुलती एक रिक्वेस्ट फसली की शंभर टक्के अपयश दिसतं.

काय मोजायचं? कनेक्शन नाकारलं, टाइमआउट, ५००, ५०२, ५०३, ५०४ हे मोजा. ४०० च्या घरातलं मोजू नका. चुकीची रिक्वेस्ट पाठवणं हा पाठवणाऱ्याचा दोष. ४२९ म्हणजे तर सर्व्हर जिवंत आहे आणि सभ्यपणे हळू या म्हणतोय. त्यासोबत किंवा ५०३ सोबत रिट्राय-आफ्टर हेडर आला असेल तर आपलं गणित बाजूला ठेवून तेवढं थांबा.

पायरी ६: बाजूला किती वेळ बसवायचं

पुन्हा एनजिनएक्सचंच उदाहरण घेतो, कारण त्याच्या फेल-टाइमआउट या एका सेटिंगला दोन अर्थ आहेत: चुका मोजण्याची खिडकी, आणि बाहेर बसवण्याचा वेळ. दोन्ही १० सेकंद. ते संपले की तो खऱ्या ग्राहकाची पुढची रिक्वेस्ट त्या एंडपॉइंटकडे पाठवून बघतो. एंडपॉइंट अजून लटकलेलाच असेल आणि वाचनाचा टाइमआउट ६० सेकंद असेल, तर तो ग्राहक मिनिटभर अडकला. त्यात सामायिक मेमरीचा झोन लावला नसेल तर प्रत्येक वर्कर प्रोसेसचा हिशेब वेगळा: आठ वर्कर, आठ बळी. हे दर फेरीला. आलेख बघणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक आहे, मधूनच टोचल्यासारखं काहीतरी दिसतं. आम्ही एकदा दोन दिवस नेटवर्कला दोष देत बसलो होतो.

म्हणून एकच ठरलेला वेळ ठेवण्यापेक्षा वाढता वेळ ठेवा. पहिली शिक्षा छोटी, कारण बहुतेक बिघाड छोटे असतात: डिप्लॉय चालू आहे, प्रोसेस रीस्टार्ट झाली, मेमरी साफ करायला क्षणभर थांबली. ५ सेकंद पुरे. परत आत घेतल्यावर पुन्हा फसला तर १०, मग २०, ४०, आणि ६० वर थांबा. वरची मर्यादा ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारा: रात्री उठून एंडपॉइंट दुरुस्त केल्यावर तो वापरात यायला मी किती वेळ स्क्रीनकडे बघत बसेन? मी मिनिटाहून जास्त बसत नाही. एन्व्हॉय ३० सेकंदांपासून सुरू करून ३०० पर्यंत जातो. जीआरपीसीचं पुन्हा जोडणं १ सेकंदापासून, दर वेळी १.६ पटीने, १२० पर्यंत. रीत तीच, आकडे आपापले. हाताने ताबडतोब आत घेण्याची सोय ठेवा, म्हणजे वाद मिटतो.

प्रत्येक वेळेत २० टक्के मागेपुढे यादृच्छिक फरक घाला. नाहीतर एकाच क्षणी एंडपॉइंट गमावलेले पन्नास क्लायंट एकाच क्षणी परत येतात आणि नुकत्याच उठलेल्याला पुन्हा झोपवतात.

परत घेताना एकच रिक्वेस्ट पाठवून बघा, बाकीच्या रोखून धरा. जमलं तर ती हेल्थ चेकची असू द्या, ग्राहकाची नको. आणि हा हेल्थ चेक ॲप्लिकेशनच्या आत जाऊन येणारा हवा, नुसता पोर्ट बघणारा नको. तिसऱ्या प्रकारचा आजार आठवा. यश मिळाल्यावर रहदारी हळूहळू वाढवा, कॅशे थंड, म्हणजे रिकामा, असतो. हेप्रॉक्सीत यासाठी स्लो-स्टार्ट आहे.

शिक्षेचा आकडा परत ५ वर कधी आणायचा? एका यशावर नाही. एक आत, एक बाहेर असा खेळ करणारा एंडपॉइंट मग कायम ५ सेकंदांचीच शिक्षा भोगत राहतो. दोन मिनिटं सलग नीट चालला, की पाटी कोरी.

आणि शेवटचा उरलेला कधीही काढू नका. मधला डेटाबेस गेला तर सगळे एंडपॉइंट एकदम ५०० देतात. त्यात त्यांचा दोष नसतो आणि सगळ्यांना बाहेर काढून हाती काही लागत नाही. एन्व्हॉय डिफॉल्टने जेमतेम १० टक्केच यजमान बाद करू देतो. छोट्या गटात मी निम्म्याची मर्यादा ठेवतो. एकच एंडपॉइंट असेल तर त्याला बाजूला बसवणं म्हणजे आपणच सर्व्हिस बंद करणं. एनजिनएक्स गटात एकच सर्व्हर असेल तर ही मोजणी सोडूनच देतो, आणि ते बरोबर आहे.

पायरी ७: मुद्दाम मोडून बघा

चाचणीच्या वातावरणात तीन प्रयोग करा. प्रोसेसला किल कमांडने स्टॉप सिग्नल द्या: ती गोठते, पोर्ट उघडा राहतो, तिसरा आजार हुबेहूब तयार. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) ड्रॉपचा नियम टाका: पॅकेट गायब, कनेक्ट टाइमआउटची परीक्षा. नुसती प्रोसेस मारून बघणं पुरेसं नाही, ती सगळ्यात सोपी परीक्षा असते आणि सगळे तीच घेतात. तिसरा प्रयोग, लिनक्सच्या नेटएमने नेटवर्कवर थोडा उशीर घाला आणि निरोगी पण संथ एंडपॉइंट उगाच बाहेर फेकला जातो का ते बघा.

दर वेळी घड्याळ लावून तीन कालावधी टिपा: पहिली चूक दिसेपर्यंत, एंडपॉइंट बाजूला काढेपर्यंत, आणि तुम्ही तो बरा केल्यावर पुन्हा रहदारी मिळेपर्यंत. तिसरा कालावधी जवळजवळ प्रत्येकाच्या अंदाजापेक्षा जास्त निघतो.

लॉगमध्ये नुसतं “टाइमआउट” लिहू नका. कोणतं घड्याळ वाजलं (डीएनएस, कनेक्ट, वाचन की एकूण), मर्यादा किती होती, कितवा प्रयत्न होता, कुठला एंडपॉइंट, आणि बाहेर काढला असेल तर किती सेकंदांसाठी, एवढं एका ओळीत हवं. आमच्या त्या ६० सेकंदांच्या दिवशी लॉगमध्ये एकच शब्द होता, तोही हजारो वेळा.